हललेला फोटो

राजीव सरांनी क्रांतीचा फोटो पडद्यावर मोठा करून लावला आणि सगळा वर्ग खो-खो हसला. फोटो दिल्लीच्या लोदी गार्डनमधल्या एका घुमटाचा होता. घुमट, झाडं, बाकावर बसलेली माणसं, सगळंच पाण्यात कालवल्यासारखं फराटलेलं.

"क्या बात है, क्रांती! उस दिन भूकंप आया था क्या?"

क्रांतीही हसली, पण नुसती वरवर. हा काही तिचा पहिला हललेला फोटो नव्हता. उजेड कमी असला आणि शटर जरा सावकाश ठेवावं लागलं, की तिचे फोटो असेच यायचे.

सर पुढे सांगत होते. कोपरं बरगड्यांना चिकटवायची. श्वास सोडायचा आणि थांबायचं. बटण खटकन दाबायचं नाही, त्यावर बोटाचं वजन हळूच टाकायचं. "तू तो डोअरबेल बजाती है," ते म्हणाले. "और एक बात सब लोग याद रखो. पूरी तस्वीर हिली हो, तो हाथ तुम्हारा हिला है. बाकी सब साफ हो और एक ही चीज़ हिली हो, तो वो चीज़ हिली है."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. क्रांतीच्या कानात एवढंच राहिलं, की हात तुझा हलला आहे.

त्याला कारण होतं. तिची आजी, बाबांची आई, वर्ध्याला कंपवाताने गेली होती. शेवटी शेवटी तिला घासही तोंडाशी नेता येत नव्हता. बशीतला चहा पदरावर सांडायचा आणि आजी लाजून पोरांकडे पाठ करायची. लहानपणी क्रांतीला त्या हाताची भीती वाटायची, तो आपल्या डोक्यावरून फिरायला लागला की ती अंग चोरायची. तोच हात आता आपल्या मनगटातून बाहेर येतो आहे की काय, हे तिच्या मनाने घेतलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही.

घरी येताना मेट्रोत तिने सगळ्यांची नजर चुकवून हात पुढे धरून पाहिला. गाडीच हलत होती, त्यात हाताचं काय कळणार? गाझियाबादच्या घरात शिरल्यावर न्हाणीघराची कडी लावली आणि पालथ्या पंजावर कागद ठेवला. कागद थरथरला. भ्यालेल्या माणसाच्या हातावर कागद थरथरणारच, पण तिला ते सांगणार कोण? आईला विचारायची सोय नव्हती. नंदाबाईंना लेकीने बँकेच्या परीक्षा द्यायला हव्या होत्या. बाबाच मध्ये पडले होते, म्हणून या फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं गेलं. काशीनाथ एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर होते. "मी जन्मभर रस्ताच पाहिला," ते म्हणाले होते, "पोरगी बाकीचं पाहील."

पुढचा धडा ट्रायपॉडचा होता. घरातलं एक माणूस, खिडकीचा उजेड, फ्लॅश वापरायचा नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाबा दुपारीच घरी आले. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून आलेल्या सरकारी पाहुण्यांना घेऊन त्यांना पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायचं होतं. भल्या पहाटे निघायचं म्हणून साहेबांनी गाडी घरीच न्यायला सांगितली होती. बाहेर दिवसभर धुकं हटलं नव्हतं. खिडकीतून येणारा उजेड ताकासारखा पातळ होता, म्हणून क्रांतीने शटर चांगलंच सावकाश ठेवलं.

"बाबा, खुर्चीत बसा. हात मांडीवर. आणि प्लीज, हलू नका."

"सरकारी नोकर आहे मी. न हलता बसायचाच पगार घेतो."

"फोटोत दात दाखवू नका म्हणावं," आतून नंदाबाई ओरडल्या. "मागच्या आधारकार्डावर कसे भुतासारखे आलेत!"

क्रांतीने टायमर लावला आणि कॅमेऱ्यापासून लांब सरकली. आता तिच्या हाताचा संबंधच नव्हता. खट् आवाज झाला. तिने फोटो मोठा करून पाहिला. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर स्वच्छ. कॅलेंडरावरचे आकडे स्वच्छ. बाबांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. तिला हायसं वाटलं. मग ती नजर खाली घेऊन आली. मांडीवरचा उजवा हात नव्हताच तिथे. त्याच्या जागी धुरकट लोळा होता.

"हललात ना बाबा! परत."

दुसरा फोटोही तसाच आला. तिसऱ्या वेळी बाबांनी डावा हात उजव्यावर दाबून धरला, तर दोन्ही हात फराटले. क्रांतीने कॅमेऱ्यावरून डोळे उचलले आणि पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. बाबांचा अंगठा बोटावर घासत होता, जणू तंबाखू मळतो आहे. आजीचा असाच हलायचा. आजीचं रक्त आपल्यात आहे म्हणून ती इतके दिवस झुरत होती, आणि आजीचा मुलगा रोज समोर बसून जेवत होता.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

काशीनाथांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "दिवाळीपासून. हळू बोल. तुझ्या आईला कळलं तर ती सगळ्या गाझियाबादला सांगेल."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं की कागदावर येतं. कागदावर आलं की गाडी जाते. मला दुसरं काय येतं, बेटा?"

"आणि उद्या? या धुक्यात, हायवेवर? गाडीत माणसं असणार, बाबा!"

"स्टिअरिंग धरलं की हात थांबतो. एकदम गप्प. शपथ." ते खरंच सांगत होते, त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. "चल खाली. काढ तुझा फोटो. हलला तर म्हण."

दोघं खाली आले. नंदाबाईंना वाटलं, पोरीला गाडीचा फोटो हवा असेल. काशीनाथ ड्रायव्हरच्या जागी बसले. क्रांतीने दार सताड उघडं ठेवलं, ट्रायपॉडचे पाय आखडून तो बाहेर जमिनीलगत उभा केला, आणि स्टिअरिंगवरच्या हातापासून खालच्या बुटापर्यंत सगळं चौकटीत घेतलं.

"पाय ब्रेकवर ठेवा. अगदी सिग्नलला थांबल्यासारखे बसा."

देवाधर्माचं तिच्या घरात काही नव्हतं, तरी टायमरचा लाल दिवा लुकलुकत असताना तिने मनात कुणाची तरी विनवणी केली. हात स्वच्छ येऊ दे. खट् झालं. तिने फोटो मोठा केला. हात स्वच्छ होता. बोटांवरच्या शिरा, नखांतलं ग्रीस, सगळं दिसत होतं.

"बघ! बघ!" काशीनाथ लहान पोरासारखे हसले. "काय म्हणालो मी? उगाच बापाला घाबरवतेस."

क्रांतीच्या डोळ्यांत पाणी आलं. सवयीने तिचं बोट फोटो खाली खाली सरकवत गेलं. दाराची कड स्वच्छ. पायाखालची चटई स्वच्छ. ब्रेकवरचा बूट मात्र पुसून टाकल्यासारखा. लेसचा पत्ता नाही, टाचेचा पत्ता नाही.

दाखवावा की न दाखवावा? बटण दाबलं की फोटो पुसला जाईल, बाबा हसतच राहतील आणि उद्या पहाटे धुक्यात निघून जातील. तिचं तोंड बघून काशीनाथांचं हसू मावळलं.

"आण इकडे."

त्यांनी फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग खाली वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"पायाचं मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "परत काढ."

परत काढला. परत तोच पुसलेला बूट. काशीनाथांनी पाय ब्रेकवरून उचलून बाहेर जमिनीवर ठेवला. तिथेही टाच बारीक बारीक टकटकत होती. आता ती दोघांनाही डोळ्यांनी दिसत होती.

"प्रफुल्लला फोन लाव," ते म्हणाले. प्रफुल्ल त्यांच्याच कार्यालयातला दुसरा ड्रायव्हर. क्रांतीने फोन लावून स्पीकरवर धरला.

"बोला काशीनाथभाऊ! जय भीम."

"जय भीम. उद्या पानिपतला तू जा. गाडी माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा."

"का हो? तब्येत वगैरे?"

काशीनाथ थांबले. सर्दीताप सांगितला असता तरी चाललं असतं. उद्याचा दिवस निघाला असता आणि परवा पुन्हा चाक हातात आलं असतं. क्रांती श्वास धरून उभी होती. तिच्या हातातला फोन थरथरत होता आणि तो कुणाच्या रक्ताने थरथरतो आहे, हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं.

"माझे हातपाय हलतात रे," काशीनाथ म्हणाले. "आईला होतं तेच दिसतंय. साहेबांना मी स्वतः सांगतो."

"येतो मी, भाऊ," पलीकडून प्रफुल्ल म्हणाला.

वरून गॅलरीतून नंदाबाईंनी हाक मारली, "अहो, झालं का शूटिंग? चहा निवतोय!"

बापलेकींनी वर पाहिलं. मग काशीनाथांनी गाडीला कुलूप लावलं, किल्ली क्रांतीच्या तळहातावर ठेवली आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन जिन्याकडे वळले.