चांगलं म्हणायची चोरी

आपल्याला काही आवडलं की ते आपल्याच अंगावर पडतं, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. कुणाच्या तरी लग्नात आइस्क्रीम खाताना ती सहज "छान आहे" म्हणाली, तर पुढचे सगळे उन्हाळे दूध आटवण्यात गेले. शेजारणीचं लोणचं नावाजलं, तर सासरच्या चार घरांच्या बरण्या तिच्याकडे चालत आल्या. नवरा वाईट नव्हता. बायकोला काय आवडतं ते तो नेमकं लक्षात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सामान आणून द्यायचा.

मग बाहेर खाताना चेहरा कोरा ठेवायला ती शिकली. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. नमुन्यात काहीही दिसलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही, याची सवय होतीच. सासरी म्हणायचे, वहिनींना कशाचं म्हणून कौतुक नाही.

परदेशातल्या त्या लहानशा रेस्टॉरंटात मात्र ती बेसावध सापडली. नवरा फोनवर नकाशा फिरवत होता, नणंद टेबलाखाली पाय बुटांतून मोकळे करत होती. समोर पाव आला तो थेट भट्टीतून. थंड होताना त्याचं कवच बारीक तडतडत होतं. तिने तुकडा मोडला. आतून वाफ आली, तिला किंचित आंबूस वास होता. बाहेरून खरपूस, आत लवलवीत, आणि चावताना शेवटी कुठेतरी गोडवा. लोणी लावायचंही तिला सुचलं नाही. दुसरा तुकडा तिने सावकाश खाल्ला. हा आपला, तिला वाटलं. हा घरी न्यायचा नाही.

"दादा, इकडे बघ," नणंद म्हणाली. "वहिनींची समाधी लागलीय."

तिने डोळे उघडले.

"आवडला वाटतं," नवरा म्हणाला. त्याने फोन खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच माया होती. "अगं, मग आधी नाही का सांगायचं? थांब, कसा करतात ते विचारूनच येतो. रविवारी सगळ्यांना बोलावू."

"आणि मला दर आठवड्याला एक," नणंद म्हणाली. "भावजय असावी तर अशी."

तो खुर्ची सरकवून अर्धा उठला होता.

"आतून कच्चा आहे," ती म्हणाली.

"काय सांगतेस?" त्याने बोटाने पाव दाबून पाहिला. कच्चं काय नि भाजलेलं काय, हे ओळखायची वेळ त्याच्यावर आयुष्यात आली नव्हती. "हो गं. ओलसर लागतोय."

"राहू द्या हो. खाऊ तसाच."

"तसाच कशाला? फुकट देतात का?" त्याने हात वर केला.

मालकीणच आली. कोपरापर्यंत पिठाने भरलेली, तिच्याच वयाची बाई. नवऱ्याने इंग्रजीत सांगितलं, माझी बायको म्हणते, हा कच्चा आहे. बाईने पाव उचलला, उलटा केला आणि बोटाच्या पेराने तळाशी ठोकला. पोकळ, स्वच्छ आवाज आला. तिने मोडलेली बाजू नाकाशी नेली. मग नवऱ्याकडे नाही, हिच्याकडे पाहिलं.

हिला एक शब्द बोलता आला असता. हिने मिठाची डबी सरळ केली.

"माफ करा," बाई म्हणाली आणि पाव घेऊन आत गेली. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून आपटल्याचा आवाज बाहेर आला.

"कबूल करायला जड जातं लोकांना," नवरा म्हणाला.

"नाव मोठं नि लक्षण खोटं," नणंद म्हणाली. "वहिनींनी धरलं म्हणून बरं, नाहीतर आपण कच्चंच गिळलं असतं."

"म्हणून तर मी म्हणतो, या लोकांच्या भरवशावर राहायचंच नाही. तू घरीच कर. कुठे चुकतं ते तुला एका घासात कळलं, यांना ठोकूनही कळत नाही." त्याने पुन्हा फोन घेतला होता. "भट्टी नको, मोठा ओव्हन पुरेल. पीठ कुठलं लागतं गं याला? मैदा?"

नणंदेनेही मान वर केली. दोघं तिच्या उत्तराची वाट पाहत होती. जिभेवर अजून तो शेवटचा गोडवा होता. ग्लास उचलून तिने तो पाण्याबरोबर गिळून टाकला.

"मैदा," ती म्हणाली. "आणि थोडी कणीक."