व्हॉस्परचं नाव

“मर्ल, अजून एक तुकडा वाढ. असं मटण माझ्या आईलासुद्धा जमत नाही.”

लिंडसे हॅडोने प्लेट पुढे केली. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाचा कप्तान आपल्याकडे, अ‍ॅडलेडच्या घरी जेवायला येतो, याचं मर्लला आता अप्रूप राहिलं नव्हतं. तिचा नवरा क्लॅरी व्हॉस्पर आणि तो एकाच क्लबात वाढलेले. आज मात्र तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. त्या काळी कसोटीचा संघ रेडिओवर जाहीर होई. खेळाडूलाही तो जगाबरोबरच कळे.

क्लॅरी दोन कसोट्या खेळला होता. दुसरीत लिंडसेने त्याला दिवसभर वाऱ्याविरुद्ध गोलंदाजी करायला लावली. “तू धावा न देता एक टोक दाबून धर, बळी दुसरे घेतील. तुझी काळजी मला.” क्लॅरीने धरलं. बळी दुसऱ्यांनी घेतले.

“मेलबर्नच्या कसोटीचं काय?” क्लॅरीने विचारलं.

“खेळपट्टी टणक आहे,” म्हणत लिंडसे उठला. “निघतो. आई वाट बघत असेल.”

“अरे, नावं ऐकून जा की!”

“तुम्ही ऐका.” क्लॅरीच्या खांद्यावर थाप मारून तो गेलासुद्धा.

नावं आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने वाचत. व्हॉस्पर अगदी शेवटाकडे. हॅडो झाला, ट्रेलोर झाला. मर्ल रेडिओकडे वाकली. मग एकदम यीट्स आला, आणि हवामानाच्या बातम्या सुरू झाल्या.

कुंपणापलीकडून शेजारची डॉट ओरडली, “मेल्याने एक नाव गाळलं गं!”

“गाळलंच,” क्लॅरी हसला.

मर्ल मात्र पेटली. “त्याला ठाऊक होतं! कप्तानाला विचारल्याशिवाय संघ होतो का? आणि माझ्याकडून दोनदा वाढून घेतलं!”

“जाऊ दे. बळी कुठे घेतले मी?”

“घेऊ दिले कुठे त्याने!”

संध्याकाळी फोन आला. लिंडसेचा आवाज मर्लपर्यंत पोचत होता. “तोंडावर सांगवेना रे. समितीने विचारलं, तर काय सांगणार? तुझ्या नावावर बळीच नाहीत.”

“खरं आहे,” क्लॅरी म्हणाला. “जिंकून या.”

पलीकडचा फोन केव्हाच बंद झाला, तरी तो रिसीव्हर कानाशी धरून उभा होता.

मग मागच्या पायरीवर बसून त्याने गोलंदाजीचे बूट मांडीवर घेतले आणि तो पकडीने त्यांच्या तळाचे, मैदानात पाय रोवायचे खिळे उपटायला लागला.

“हे काय?” मर्लने विचारलं.

“बागेत घालायला होतील,” तो म्हणाला.