शेवाळाची भिंत

शरावती उडुपची शुक्रवारची यादी बेंगळुरूत सकाळच्या कॉफीबरोबर वाचली जायची. या आठवड्यात कुठे जेवाल, कुठे प्याल, एवढंच त्यात असे. बावीस वर्षांत तिने एकाही पदार्थाचं नाव चुकवलं नव्हतं. आज पहिल्या क्रमांकावर होता इंदिरानगरमधल्या चौथ्या मजल्यावरचा नवा बार, ‘मिंचुहुळ’, म्हणजे काजवा. तो आज संध्याकाळीच उघडणार होता.

पाच वाजता ती रविवारच्या पानासाठी तिथले फोटो निवडत होती. मंगळवारी दुपारी ते तिनेच काढले होते. समीक्षकांना अशाच वेळी बोलावतात: उजेड चांगला, खुर्च्या रिकाम्या, मालक शेजारी उभा. लिफ्टने वर जायचं, बारा बशांतले तीन-तीन घास खायचे, लिफ्टने खाली यायचं.

फोटोत ती भिंत होती, जमिनीपासून छतापर्यंत शेवाळाने मढवलेली. ‘हिच्यापुढे फोटो काढल्याशिवाय परतू नका,’ असं शरावतीनेच लिहिलं होतं. आता फोटो मोठा केल्यावर वरच्या कडेला तिला एक पांढरा पाय दिसला. हिरव्या दिव्यावरच्या पळणाऱ्या माणसाचा. बाकीचा माणूस शेवाळाखाली होता.

तिने मालकाला, लोहितला, फोन लावला.

“मॅडम! काय यादी दिलीत! सकाळपासून फोन खाली ठेवता येत नाही.”

“लोहित, त्या शेवाळामागे काय आहे?”

“भिंत.”

“भिंतीवर बाहेर पडायचा दिवा कशाला लावतात?”

“जिन्याचं दार आहे हो. लोखंडी, बेढब. तपासणी झाली, मग झाकलं. लिफ्ट आहे की. तुम्हीसुद्धा लिफ्टनंच आलात ना?”

“दार मोकळं कर. आत्ता.”

“आज? लोक वर यायला लागलेत, मॅडम. सोमवारी बघू या.”

फोन बंद झाला. शरावतीची धाकटी बहीण मैथिली ऑफिसातल्या अकरा जणांना घेऊन आज तिथेच जाणार होती. टेबलही शरावतीनेच शब्द टाकून मिळवून दिलं होतं. तिने मैथिलीला फोन लावला.

“अक्का, आम्ही पोचलो!” गाण्याच्या गोंगाटातून मैथिली ओरडली. “काही ऐकू येत नाही गं!”

“सगळ्यांना घेऊन खाली उतर.”

“उत्तर? कसलं उत्तर?”

“खाली ये म्हणते!”

“तुझ्या भिंतीपुढे ही गर्दी! आमचा नंबर आला की फोटो पाठवते.”

नंतर तिने फोन उचललाच नाही.

शरावतीने रिक्षातून अग्निशमन केंद्राला फोन केला.

“आग लागलीय का, बाई?”

“नाही.”

“मग अर्ज लिहून आणा.”

ती पोचली तेव्हा दिवे लागत होते. लिफ्टची रांग फुटपाथवर आली होती. एका वेळी आठ जण वर जात होते. खाली मात्र लिफ्ट रिकामीच येत होती. ती पुढे घुसायला गेली.

“आंटी, रांग मागून आहे,” एकाने तिला अडवलं. “आम्ही काय शेंगा सोलतोय इथे?”

“वर जाऊ नका. बाहेर पडायचा रस्ता बंद आहे.”

“बरं झालं, बायको शोधायला येणार नाही,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि रांग खदखदून हसली. लोहितच्या रखवालदाराने तिला हाताला धरून बाजूला केलं.

ती वळसा घालून इमारतीच्या मागे गेली. जिन्याच्या तोंडाशी बिअरची पिंपं रचलेली होती. तिने दोन ओढून काढली, अंग चोरून आत शिरली. फोनच्या उजेडात खोके आणि रंगाचे डबे ओलांडत ती चार मजले चढली.

वर लोखंडी दार होतं. ते तिच्याकडे उघडलं. पलीकडे चौकटभर प्लायवूड ठोकलेलं होतं. त्यातून स्क्रूची टोकं बाहेर आली होती. गाण्याच्या ठोक्याबरोबर ते हलत होतं. तिने हात टेकला. लाकूड कोमट होतं.

“मैथिली!” ती दोन्ही मुठींनी ठोकू लागली.

पलीकडून कुणीतरी हसत तशीच थाप परत दिली. मग आणखी हात आले, आणि सगळे गाण्याच्या तालावर भिंत वाजवू लागले.