पत्र्यावरचा आकडा

बेरेंडने तोंडातली ज्येष्ठमधाची काळी, चिकट गोळी काढून डॅशबोर्डवर चिकटवली आणि त्याच ओल्या बोटांनी लायसन्स पोलीसबाईंच्या हातात दिलं. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, रेन्स्केने, नजर खिडकीबाहेर वळवली. आर्नेमजवळच्या महामार्गावरच्या त्या तपासणीच्या थांब्यावर सुट्टीला दक्षिणेकडे निघालेल्या, गाड्यांमागे जोडलेल्या घरवजा कॅरॅव्हान एकीमागे एक उभ्या होत्या. प्रत्येकीत फ्रान्समध्ये महिनाभर पुरतील इतके घरचे बटाटे.

पोलीसबाईंनी त्यांच्या कॅरॅव्हानवर ठोकलेला वजनाचा पत्रा वाचला.

“गाडी आणि ही मिळून सदतीसशे किलो. तुमच्या लायसन्सवर पस्तीसशेच चालतात.”

“बाई, तो पूर्ण भरल्यावरचा आकडा,” बेरेंड हसला. “आमची निम्मी रिकामी आहे. काट्यावर घ्या. चौतीसशेच्या वर गेली तर माझं नाव बदला.”

“काट्याचा प्रश्नच नाही. लायसन्सला पत्र्यावरचा आकडा धरतात. आत नुसती हवा नेलीत तरी तोच.”

दर उन्हाळ्यात न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन बेरेंड दुसऱ्यांच्या कॅरॅव्हान तपासत हिंडायचा आणि न विचारता उपदेश करायचा. ही मोठी कॅरॅव्हान मात्र त्याने पत्रा न वाचताच घेतली होती.

“बायकोला इथेच उतरवलं तर जमेल का?” त्याने डोळा मारला.

पोलीसबाई हसल्या नाहीत. बेरेंडचा आवाज चढला.

“मग पहाटे कंबर मोडून मी सामान काढलं ते फुकटच?”

“काय काढलंस?” रेन्स्केने विचारलं.

“तुझं शिवणयंत्र. धोंडा नुसता. घरासमोरच्या फुटपाथवर ठेवलंय, दुपारी पालिकेची गाडी भंगारात नेईल.”

बेरेंडचा कारखाना बंद पडला, त्यानंतर त्याच यंत्रावर लोकांच्या पँटी आखूड करून तिने घर चालवलं होतं.

“आणि तुझे बिअरचे क्रेट?”

“ते लागतात गं.”

त्याने डॅशबोर्डवरची गोळी नखाने खरवडली, धुळीसकट तोंडात टाकली आणि चघळू लागला. इतकी वर्षं या तोंडासमोर बसून आपण जेवलो कसे, एवढंच रेन्स्केला कळेना.

ती उतरली.

“कॅरॅव्हान इथे ठेवली तर नुसती गाडी माझ्या लायसन्सवर नेता येईल?” तिने पोलीसबाईंना विचारलं.

“हो. पण आधी ती सोडवावी लागेल.”

रेन्स्केने कॅरॅव्हानचा ब्रेक ओढला, दिव्यांची वायर उपसली आणि कॅरॅव्हान गाडीच्या हुकावरून उचलायला पुढच्या छोट्या चाकाची मूठ फिरवायला घेतली. या कामाला बेरेंडने तिला कधी हात लावू दिला नव्हता. ती नुसती बघत आली होती. हात ग्रीसने काळे झाले. त्याची तिला किळस आली नाही.

“अगं, मीही येतो ना,” बेरेंड म्हणाला. “चालवतो मी. तू वाट चुकशील.”

“कॅरॅव्हानपाशी कुणीतरी थांबायला हवं.”

“आणि मी इथे करू काय?”

“बटाटे आहेत.”

शेजारच्या कॅरॅव्हानमधला म्हातारा खोकल्यासारखं हसला. रेन्स्केने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला. पोलीसबाई खिडकीशी वाकल्या.

“परत याल ना? यांना किती वेळ थांबू देऊ, ते मला ठरवायला हवं.”

“यंत्र जागेवर असलं तर कळवते,” रेन्स्के म्हणाली आणि काच वर केली.