गोव्याचा हप्ता

सोळा सोमवार निर्विघ्न पार पडले, उद्यापन मात्र मोबाईलमध्ये अडकलं.

सतराव्या सोमवारी सोळा मेहुणं जेवू घालायची म्हणून घरखर्चातून वीस हजार साठवले होते. व्रत धरलं त्याच आठवड्यात माझा भाचा कुलदीप आला. तो तळवड्याला आयटीत आहे. म्हणाला, "आत्या, डब्यात ठेवून काय उपयोग? ॲपवरून लोकांना थोडे थोडे उसने दे. चार महिन्यांत व्याजासकट परत. मागायला जायचं नाही, ॲपच वसूल करतं."

मागायला जायचं नाही, हेच मला पटलं. माझा आवाज असा की दूधवालासुद्धा दोनदा "काय म्हणालात?" विचारतो.

कुलदीपने यादी उघडून दिली आणि तो चहा घ्यायला गेला. प्रत्येक कर्जदाराच्या नावापुढे रंगीत टिकली आणि कर्जाचं कारण. लाल टिकलीवाल्यांची कारणं किती चांगली! सत्यनारायण. वास्तुशांत. मुंज. हिरव्यांचं आपलं फ्रिज, नाहीतर मशीनची दुरुस्ती. मी देवाचं नाव घेतलं आणि एकेका लाल टिकलीवर बोट ठेवत गेले. कुंकवाचाच रंग तो.

"आत्या! लाल म्हणजे धोका!" कुलदीप कप घेऊन धावत आला. तोवर दोनच हजार उरले होते. ते त्याने एका हिरव्याला दिले. चाकणचा प्रज्वल, कारण गोवा ट्रिप.

"देवाचे पैसे गोव्याला?" मी म्हटलं. रोज पूजेत मी सगळ्या कर्जदारांचं भलं चिंतत असे. प्रज्वलला तेवढं वगळायची.

पहिल्या महिन्यात एकच हप्ता आला, प्रज्वलचा. दुसऱ्या महिन्यातही त्याचाच. तिसऱ्या महिन्यात ॲपने आपली फी कापली आणि मग त्याचाच.

"बाकीच्यांचं काय रे?" मी कुलदीपला विचारलं.

"ॲप त्यांना मेसेज पाठवतंय."

"आणि नाही दिले तर?"

"बँकेसारखी हमी नसते, आत्या. बुडाले तर आपले बुडाले. अटींमध्ये लिहिलंय ते."

माझे यजमान पेपरमागून म्हणाले, "महादेवाला सांग, यंदा मेहुणं ऑनलाइन जेवणार."

शेवटी ॲपमधल्या कर्जाच्या करारावरचा नंबर बघून मीच सत्यनारायणवाल्या चिमाजींना फोन लावला. एकदम पैशाचं कसं काढायचं? म्हटलं, "पूजा नीट झाली ना?"

"व्हय मावशी, लई झ्याक झाली. तुमच्यासारक्यांची कृपा हाय."

"बरं झालं. ते आपले..."

"आता पोराचं बारसं हाय बगा. थोडं पैसं कमी पडत्यात."

"किती?" माझ्या तोंडून निघून गेलं. यजमानांनी उठून फोन बंद केला.

सोमवार तोंडावर आला. सोळा पानं मांडायची ऐपत राहिली नव्हती आणि उद्यापनाशिवाय व्रत पुरं कसं व्हायचं, या विचाराने माझी झोप उडाली. गुरुजी म्हणाले, "एक मेहूण मनापासून जेवू घाला, पोचलं." मग ज्याच्या हप्त्यांवर स्वयंपाक, त्यालाच बोलवायचं ठरवलं.

"मॅडम, हप्ता पाच तारखेलाच भरलाय!" प्रज्वल फोनवर म्हणाला.

"ते नाही रे बाळा. तुझं लग्न झालंय का?"

तो म्हणाला, "झालंय. हनिमूनलाच तर गेलो गोव्याला. पण हप्त्याशी त्याचा काय संबंध?"

"मग दोघं सोमवारी जेवायला या."

"वसुलीची ही नवीन पद्धत आहे का, मॅडम?"

तासभर समजावावं लागलं. तरी सोमवारी तो बायकोला, मिनलला घेऊन ताथवड्याला आमच्या घरी आला तो हप्त्याच्या पावत्या खिशात घालूनच. मी दोघांचे पाय धुतले, चुरम्याचे लाडू वाढले, मिनलची ओटी भरली आणि प्रज्वलच्या हातावर दक्षिणा ठेवली.

"त्याचाच हप्ता त्यालाच," यजमान पुटपुटले. माझं मन मात्र भरून आलं. व्रत पुरं झालं होतं.

प्रज्वल चौथा लाडू खात म्हणाला, "काकू, शेवटचा हप्ता फिटला की मीपण त्या ॲपवर पैसे लावणार. व्याज चांगलं मिळतं ना?"

"नको!" मी म्हटलं.

शेजारच्या शालनबाई पळतच आल्या. इतक्या वर्षांत माझा आवाज त्यांनी भिंतीपलीकडून पहिल्यांदाच ऐकला होता.