शकूला दाखवलेला सिनेमा

माझ्या संपतचं जावळ काढलं ते साल चौऱ्याहत्तर. त्या उन्हाळ्यात हडपसरला आमच्या रानात कांद्याची काढणी चालू होती. माती तव्यासारखी तापलेली. शेजारच्या वाफ्यात माझी नणंद शकू मुकाट्यानं कांदे उपटायची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती दिवे घाटापलीकडच्या सासरहून निघून आली होती. नवरा मारतो, एवढंच तिनं सांगितलं. आळीतल्या बायका म्हणायच्या, राजानं मारलं अन् पावसानं झोडलं तर दाद कुणाकडं मागायची? बाईला नवरा म्हंजी राजाच.

समजावून आम्ही थकलो. तेव्हा मलाच युक्ती सुचली. कालव्याखालच्या पडीक रानात तंबू लागला होता. त्यात त्या काळी फार गाजलेला सिनेमा होता. पाटलाची शिकलेली बायको उलट बोलते, नवरा भर अंगणात तिच्या थोबाडीत देतो, मग ती त्याचे पाय धरून संसाराला लागते. मी तो आधी एकदा बघितला होता आणि मला आवडला होता. म्हटलं, माझं पटत नाही तर सिनेमातल्या बाईचं पटेल.

तंबूत मधोमध कनात, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी. थोबाडीत बसली तशा पलीकडून शिट्ट्या उठल्या. अलीकडं बायांनी टाळ्या पिटल्या, त्यात माझ्या सगळ्यांत मोठ्या. शकूनं मान आत ओढून खांदा कानाला लावला होता. मला वाटलं, डास चावला असंल.

घरी येताना मी विचारलं, "शेवटी गोडच झालं का न्हाई?"

"तिथं सिनेमा संपतो, वयनी," शकू म्हणाली.

चार दिवसांनी मी तिची ओटी भरली. तिच्या भावानं, माझ्या मालकांनी, तिला एस.टी.त बसवून दिलं.

आता त्या रानावर अकरा मजली इमारत आहे आणि आम्ही तिच्यात चौथ्या मजल्यावर राहतो. गेल्या साली संपतची लेक हेमा कर्वेनगरच्या सासरहून अशीच आली. तीन आठवडे झाले तरी धड बोलेना. संपत म्हणायचा, भांड्याला भांडं लागतंच. रविवारी चारला तिच्या सासरची माणसं न्यायला येणार होती.

त्या दुपारी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. संपतनं मला हाक मारून बोलावलं. मी हेमाशेजारी बसले. पाटील मला तेव्हा राजबिंडा वाटायचा; आता बघते तर नुसत्या मिशा आणि माज. बायको म्हणजे विशीतली पोर. थोबाडीत दिल्यावर पडदाभर त्याचंच तोंड दाखवतात. तिच्याकडं कुणी बघतच नाही. मीही तेव्हा बघितलं नव्हतं.

पडद्यावर हात उठला. हेमानं मान आत ओढली आणि खांदा कानाला लावला.

माझ्या शेजारी शकूच बसली होती. संपत हसत होता.

"बंद कर ते," मी म्हणाले.

"आई, खरी मजा तर आता हाय."

सूनबाई प्रेमला खण-नारळाचं ताट घेऊन बाहेर आली. मी तिला ते आत ठेवायला सांगितलं. हेमाची ओटी भरायची नाही. ती गोंधळली. "अहो आई, माणसं निघालीत. त्यांना काय सांगायचं?"

"चहा द्यायचा अन् वाटंला लावायचं."

संपत म्हणाला, सिनेमा आहे तो, एवढं काय मनाला लावून घेतेस. तेव्हा पंचेचाळीस वर्षं गिळलेलं बाहेर आलं.

"तुझी शकू आत्या तापानं गेली न्हाई, संपत. तसं आम्ही गावाला सांगितलं. तिला हा सिनेमा दाखवून मी परत धाडली."

संपतनं टीव्ही बंद केला. हेमा माझ्या मांडीवर डोकं ठेवून किती तरी वेळ रडली, आणि मग सगळं बोलली.

चारला माणसं आली. चहा पिऊन तिचे सासरे म्हणाले, "मुली घरात ठेवून घ्यायची पद्धत दिसते आपल्याकडे."

"नवीनच पाडलीय," मी म्हणाले.

ती माणसं गेली. हेमा इथंच आहे.

शकू चौऱ्याहत्तरच्या श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सासरी नवऱ्याच्या मारानं मेली. तिला एकोणिसावं चालू होतं.