सुनेचा घोट

त्या बेटावर गोडं पाणी होडीनं येई. वाळूची लांबट पट्टी, दोन्हीकडे समुद्र. विहीर खणली तरी खारटच लागे. होडीतलं पाणी घागरीत यायचं आणि घागरीवर सासूचा हात असायचा. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू आणि उरलं तर सून. हा नियम कोणी घातला, कोणालाच माहीत नव्हतं. चांगली सून तहान लागली म्हणत नाही, एवढं मात्र सगळ्या माहेरूनच शिकून येत.

बेटावरच्याच एका पाइप फिटरची बायको गेल्या उन्हाळ्यात वारली. पुरेसं पाणी न प्यायल्यानं मूत्रपिंडं निकामी झाली, असं डॉक्टर म्हणाले. घरच्यांनी लोकांना ताप सांगितला.

आता समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचा पाइप येणार होता आणि फिटर त्याच कामावर होता. पलीकडच्या किनाऱ्यावर जोडलेली पाइपांची ओळ तरंगत आणायची, मग एका टोकाकडून हळूहळू पाणी भरत ती तळाला बसवायची. घाई केली तर पाइप मुडपतो. त्या दिवशी अर्धी ओळ बुडाली आणि वारा उठला. काम थांबलं. उरलेली ओळ खाडीत आडवी तरंगत राहिली, म्हणून पाण्याची होडीही येईना.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. ओहोटी संपायची वाट बघत फिटर आणि त्याच कामावरचा त्याचा धाकटा भाऊ दुपारी घरी जेवायला आले. आईनं दोघांपुढे पाण्याचे पेले ठेवले. घागर जवळजवळ रिकामी झाली होती. धाकट्याची बायको वाढत होती. तिला सातवा महिना होता. नळ आला की तुझी चैन, दिवसभर तोटीखालीच बस, असं धाकटा तिला चिडवत होता. ती हसायला गेली तर ओठ फुटून रक्त आलं. भिंत धरत ती खाली बसली.

फिटरनं विचारलं, पाणी कधी प्यायलीस? ती सासूकडे बघत राहिली.

"काल प्यायली की," आई म्हणाली. "बाईमाणसाला असं किती लागतं?"

फिटरनं आपला पेला तिच्याकडे सरकवला. तिनं हात मागे घेतला.

"तुमचं होऊ द्या, भाऊजी. मी घेईन मग."

"दादा, तू पी ना," धाकटा म्हणाला. "कामावरून आलायस. ती घेईल नंतर."

"नंतर कधी? घागर पालथी झाल्यावर?"

आईचा आवाज चढला. "तुमच्या बापाआधी मी कधी ओठ ओले केले नाहीत. दोन बाळंतपणं काढली याच घरात. मी मेले का?"

"तू नाही मेलीस, आई. ती मेली."

त्या घरात ही गोष्ट पहिल्यांदाच कोणी बोललं होतं. आईनं तोंड फिरवलं. धाकट्याचा घास हातातच राहिला. मग तो उठला, बायकोजवळ बसला आणि पेला स्वतः तिच्या ओठांना लावला. तो रिकामा झाल्यावर आपलाही दिला. दोघे भाऊ तसेच कोरड्या घशानं कामावर गेले. संध्याकाळच्या आत पाइप तळाला बसला.

पुढे घरोघरी नळ जोडायचं काम फिटरकडेच आलं. नळ सुरू झाला की तो पहिला पेला भरायचा आणि घरच्या सुनेला हाक मारायचा. ती पिईपर्यंत उंबऱ्यावरून हलायचा नाही. हा फिटर आहे की न्यायाधीश, असं लोक म्हणू लागले. तक्रार कामावरच्या साहेबांपर्यंत गेली. पाइप टाकणं तुझं काम, कोण आधी पितं ते बघणं नाही, असं साहेबांनी बजावलं. फिटरनं ऐकून घेतलं आणि पुढच्या घरी गेला.

एका घरी सासरा दारातच उभा राहिला. आतली सून पुढे येईना. फिटर भरला पेला हातात धरून पायरीवर बसला. ऊन चढलं. सासरा आत-बाहेर करत राहिला.

"पाणी तापलं ते," शेवटी तो म्हणाला.

"दुसरं भरतो," फिटर म्हणाला. "आता काय कमी आहे?"